पिवळा दिवा आणि पुण्याचा फोन

आमच्या बाबांच्या गाडीला काही झालं की पहिला फोन पुण्याला जातो. पुण्यात माझा धाकटा भाऊ राहतो. दुसरा फोन मला येतो, आणि मी राहते इथेच, इंदूरला, सुदामा नगरात. बाबांचं घर बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत. आमच्या कॉलनीतून जिलेबी घेऊन निघाले तर ती गरम असतानाच मी त्यांच्या दारात पोचते. म्हणजे बोनेट उघडायला हात माझे, पण बिघाडाची बातमी आधी पुण्याला. याने माझ्या पोटात किती दुखतं ते मी कोणाला सांगत नाही. नवऱ्याला एकदा सांगून पाहिलं होतं. तो हातोदच्या नोकरीवरून थकून आलेला, बूट काढता काढता म्हणाला, "अगं, बाप-लेकाची बात आहे, तू काहेको जळून राहिलीस?" त्यानंतर त्यालाही सांगणं बंद केलं.

जळतेच मी. त्यात लपवण्यासारखं काय आहे? भाऊ शेंडेफळ, त्यात मुलगा, त्यात लांब राहणारा. दुरून डोंगर साजरे म्हणतात, आणि आमचा डोंगर तर साडेपाच फूट उंचीचा, गोरा आणि पुण्यात नोकरी करणारा. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. पुढे इंजिनिअरिंगला जाते म्हटलं, तर घरात 'डिप्लोमा पुष्कळ झाला' असं ठरलं. काही वर्षांनी भाऊ बारावी झाला तेव्हा घरात काहीच ठरवावं लागलं नाही, तो सरळ पुण्याला गेला. आता तो एका गाड्यांच्या कंपनीत इंजिनाच्या धुराची तपासणी करतो. मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये मुलामुलींकडून सर्किटं जोडून घेते. कुठली वायर सैल आहे ते शोधणं हेच माझं दिवसभराचं काम. लहानपणी इस्त्रीची जळलेली वायर असो की मिक्सरचं बटण, बाबांच्या शेजारी मांडी ठोकून मी बसायची. भाऊ तेव्हा छतावर पतंग उडवत असे. पण हे बाबांच्या लक्षात नाही, किंवा असलं तरी त्याचा काही उपयोग नाही.

गाडी आई असताना घेतलेली. छोटी, पांढरी, आता जुनी. आई गेल्यावर बाबा एकटेच राहतात. माझ्याकडे या म्हटलं तर म्हणतात, "जावयाच्या घरी पड़े रहना, ते आपल्याला जमत नाही." मग मीच रोज कॉलेज सुटलं की त्यांच्याकडे जाते. भाजी चिरून ठेवते, गोळ्या बघते, दोन गोष्टी ऐकते आणि घरी येते. बाबा तेवढ्या वेळात पेपर वाचत असतात. मी निघाले की पेपरातून मान वर काढून म्हणतात, "येऊन जा उद्या."

त्या दसऱ्यापासून हे सगळं सुरू झालं. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. बाबांकडे तलवार-बिलवार नाही. आईची विळी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, आणि सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे गाडी. शिवाय बाबा पडले इंदूरचे. सफाईत शहराचा नंबर आला की यांना वाटतं तो यांच्याच ओट्यामुळे आला. तर यांनी पूजेआधी बोनेट उघडलं, इंजिनावरचे प्लास्टिकचे कनेक्टर ओढून ओढून काढले, जुन्या दात घासायच्या ब्रशाने पुसले, आणि मग नळाचा पाइप लावून अख्खं इंजिन धुतलं. कनेक्टर परत खुपसले आणि जिथे जिथे जोड दिसला तिथे तिथे ओल्या हळदकुंकवाचं बोट टेकवलं. वर झेंडूचा हार. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाला मंदिरापर्यंत गेले आणि येताना समोर पिवळा दिवा लागला.

हा दिवा इंजिनाच्या आकाराचा असतो. गाडी म्हणते, माझ्यात काहीतरी दुखतंय, बघा. त्या दिवशी दुखत होतं ते ऑक्सिजन सेन्सरचं. इंजिनातला धूर ज्या नळीतून बाहेर जातो त्या नळीत बोटाएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. धुरात प्राणवायू किती उरला ते तो सांगतो आणि त्यावरून गाडी पेट्रोल कमी-जास्त करते. त्याच्या चार वायरी एका प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये जातात. तो जोड सैल झाला की गाडीला धुराचं काही कळेनासं होतं, ती अंदाजपंचे पेट्रोल पीत सुटते आणि दिवा लावून बसते. बाबांच्या ओढाओढीत त्या कनेक्टरला धरून ठेवणारी प्लास्टिकची खिट्टी मोडली होती. वीस मिनिटांचं काम. पण मी पोचले तेव्हा बाबांनी पुण्याला व्हिडिओ कॉल लावलेला होता.

"आली बघ ताई," बाबा फोनला म्हणाले. "आता सांग तिला काय करायचं ते."

काय करायचं ते मला बोनेट उघडल्याबरोबर दिसलं होतं. इंजिन चालू ठेवून कनेक्टर जरा हलवला की इंजिन अडखळत होतं, सोडला की सुरळीत. मी म्हटलं, "बाबा, हा जोड सैल आहे. लॉक तुटलंय."

"थांब, तो सांगेल." बाबांनी फोन माझ्या डोक्यावर धरला. भावाला दिसत होती बाबांची हनुवटी आणि वरचं आभाळ.

"बाबा, कॅमेरा फिरवा. ताई, आधी कनेक्टर हलवून बघ."

"हलवला. सैल आहे."

"लॉक बघ तुटलंय का."

"तुटलंय."

"बघ," बाबा मला म्हणाले, "त्याने बरोबर पकडलं. पुण्यात बसून."

मी पिना साफ करायला घेतल्या. एका पिनेवर कुंकू चिकटलं होतं. ते मी लाकडी टूथपिकने खरवडून काढलं. बाबा बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावतात, तीच डबी घेऊन आले. ओल धरू नये म्हणून मीही ती घेणार होते, तेवढ्यात भाऊ ओरडलाच. म्हणाला, हा सेन्सर तुलना करायला बाहेरची हवा लागते ती वायरींच्या आतूनच ओढून घेतो. या कनेक्टरमध्ये ग्रीस, जेली काही भरायचं नाही, नाहीतर त्याचा श्वास कोंडेल. वायर तुटली तरी झाळायची नाही, दाबूनच जोडायची. हे मला माहीत नव्हतं. आणि ते त्याला माहीत होतं, याचा मला दिवसभर त्रास झाला. मी चूक असते तर समजू शकले असते, पण तो बरोबर होता.

शेवटी प्लास्टिकच्या पट्टीने कनेक्टर आवळून बांधला. दिवा गेला. समोरच्या घरातले अंकलजी ओट्यावर येऊन उभे होते, त्यांना बाबा सांगत होते, "हमारा लड़का पूना से ही बता देता है. यहाँ खोला, वहाँ से बता दिया." मग माझ्याकडे बघून, कोणाला वाईट वाटू नये म्हणून असावं, पुढे जोडलं, "बिटिया ने टॉर्च पकड़ी."

टॉर्च. टॉर्च मी दातात धरली होती, कारण दोन्ही हात गाडीत होते.

पट्टी काही कायमची नसते. इंजिनाच्या गरमीने ती ढिली पडते. महिन्याभरात दिवा परत लागला. मग परत. कधी गाडी हातोदच्या रस्त्याने खड्ड्यांतून नेली म्हणून, कधी नुसताच. प्रत्येक वेळी रविवारी सकाळी बाबांचा फोन यायचा, आणि प्रत्येक वेळी त्याच क्रमाने. "बत्ती फिर लागली. मी त्याला फोन लावला आहे, तू येऊन जा."

मी जायची तेव्हा सगळी तयारी झालेली असायची. गाडी बाहेर काढलेली. शेजारी वेताची खुर्ची. बाबा आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले, जसं काही मुलगी बघायला चाललेत. फोन ठेवायला त्यांनी बोनेटच्या कडेला एक जागा शोधून काढली होती, तिथून त्यांचा चेहरा पूर्ण दिसायचा आणि गाडी जेमतेम. कोपऱ्यावरून पोहे आणलेले असायचे. एरवी मी बळंबळं खायला घालते तेव्हा दोन घासांत पोट भरतं यांचं. त्या दिवशी पोह्यांवर सेव भुरभुरून, वर जिलेबीही.

आणि गप्पा. माझं काम पंधरा मिनिटांत उरकायचं, फोन तासभर चालायचा. भावाला एरवी बोलायला सुचत नाही. एरवी त्याचा फोन येतो तो कसा, "काय बाबा, बरं ना? औषधं घेता ना? काही हवंय का?" बाबा म्हणणार, "नाही रे, सगळं आहे." संपलं. पण हा दिवा लागला की तो सुटायचा. धूर, पेट्रोल, हवा, त्याच्या कंपनीत गाड्या कशा रोलरवर पळवतात, थंडीत सेन्सर गरम व्हायला किती वेळ घेतो, सगळं. बाबा "अच्छा?" म्हणत राहायचे. मध्येच भाऊ शुद्धही करायचा, "बाबा, चाबी नाही, चावी." पुण्याला गेल्यापासून त्याची जीभ सरळ झाली आहे. मी असं काही म्हटलं असतं तर बाबांनी मला होळकरांच्या काळापासूनचा इंदूरच्या मराठीचा इतिहास ऐकवला असता. त्याला ते हसून म्हणायचे, "हओ भिया, चावी."

मी ओट्यावर हात पुसत बसायची. माझा तीळपापड व्हायचा. रोज येणारी मी, हात काळे करणारी मी, आणि यांचा चेहरा उजळतो कोणासाठी? माझ्याशी हे तासभर कधी बोलले होते ते मला आठवून आठवून आठवत नव्हतं. आमच्या बोलण्यात दूध आलं का, गोळी घेतली का, नळ गेला का, एवढंच. पिकतं तिथे विकत नाही, हे मी लॅबमध्ये मुलांना हसत हसत सांगते. घरी येऊन त्यावर हसू येत नाही.

तर मी ठरवलं की हा दिवाच बंद करायचा. कायमचा. कारण स्पष्ट सांगते. बाबांच्या पेट्रोलची मला काळजी होती असं नाही. मला तो फोन बंद करायचा होता. आणि जमलंच तर एकदा, निदान एकदा, बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं की हे तू केलंस.

स्पेअर पार्टच्या दुकानातून मी त्याच मापाचा नवा कनेक्टर आणला, वायरींच्या शेपट्यांसकट. दुकानदाराने मला दोन दाखवले. मी पक्क्या लॉकचा घेतला. त्यात खिट्टीवर आणखी एक लाल पट्टी सरकून बसते. उघडायचा तर आधी ती लाल पट्टी नखाने मागे ओढायची, मग खिट्टी दाबायची, आणि दाबून धरूनच दोन्ही भाग अलग करायचे. खड्ड्यांनी, गरमीने, धक्क्याने तो उघडत नाही. तशीच त्याची रचना असते.

एका दुपारी कॉलेजला सुट्टी होती. बाबा जेवून आडवे झाले होते. मी हळूच चाबी उचलली, गाडी अंगणात गार होऊ दिली, बॅटरीची तार काढली आणि काम सुरू केलं. एका वेळी एकच वायर कापायची, तिच्या जागी नवी दाबून जोडायची, वर गरमीने आकसणारी प्लास्टिकची नळी चढवून गरम करायची, मग दुसरी. म्हणजे अदलाबदल होत नाही. त्यातल्या दोन वायरींचा रंग एकच असतो, त्या सेन्सर गरम करण्यासाठी असतात, आपसात बदलल्या तरी चालतात. घाई केली की माणूस उरलेल्या दोघींत चुकतो. मी चुकले नाही. झाळकाम केलं नाही, जेली लावली नाही. भावाने सांगितलेलं सगळं पाळलं, पण त्याला विचारलं नाही. कनेक्टर बसला तेव्हा 'कट्' असा आवाज आला. तो आवाज मला इतका आवडला की मी उघडून पुन्हा बसवला.

बाबा उठून आले तेव्हा मी हात धूत होते. म्हटलं, "बाबा, नवा कनेक्टर टाकला. आता दिवा लागणार नाही."

ते बोनेटवर वाकून बघत राहिले. मी वाट बघत होते. मग म्हणाले, "त्याला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

"नाही, तसं नाही. पण एकदा त्याला दाखवून घेतलं असतं."

मी टॉवेल खुंटीला अडकवला आणि चहाही न घेता घरी आले. वाटेत मोठ्याने बोलत होते बहुतेक, सिग्नलवर एक बाई माझ्याकडे वळून बघत होती.

पण काम पक्कं झालं होतं. रविवार आला, गाडीला काही झालं नाही. पुढचाही तसाच गेला. मी मुद्दाम रविवारी सकाळी जायला लागले, रिकाम्या अंगणाचा तमाशा बघायला. वेताची खुर्ची आत. बाबा बनियनवर. एकदा माझ्यासमोरच भावाचा फोन आला.

"काय बाबा, बरं ना? गाडी कशी आहे?"

"गाडी एकदम बढ़िया. ताईने नवीन कनेक्टर टाकला."

"अरे वा. मग काही टेन्शन नाही. ठेवू? जरा बाहेर निघालोय."

"ठेव, ठेव."

बाबांनी फोन टेबलावर ठेवला, परत उचलला, काच शर्टाने पुसायला गेले तर अंगात शर्ट नव्हता, मग पंच्याने पुसली. मी समोर बसून मटार सोलत होते आणि मला बरं वाटत होतं. अगदी मनापासून बरं वाटत होतं. माझं नाव निघालं होतं फोनवर, आणि फोन आटोपला होता. त्या दिवशी मटारभातही छान झाला. बाबांनी दोन घासांत ताट सारलं, तर मी म्हटलं, हल्ली यांची भूकच कमी झाली आहे, डॉक्टरांना विचारायला हवं.

मग एका रविवारी फोन आला. "बत्ती फिर लागली. मी त्याला फोन लावला आहे."

मला खरंच वाटेना. स्कूटरवर सगळ्या वायरी मनातल्या मनात परत जोडून पाहिल्या. कुठे दाब कमी पडला? नळी नीट आवळली नाही? माझंच काम कच्चं निघालं तर आज भावासमोर माझी काय शोभा होईल, हे डोळ्यांपुढे आलं.

अंगणात गाडी उभी. वेताची खुर्ची बाहेर. बाबा इस्त्रीच्या शर्टात. पोह्यांचा पुडा. फोन बोनेटच्या कडेला, आणि त्यात भावाचा हसरा चेहरा.

मी बोनेटखाली वाकले. कनेक्टर सुटलेला होता. माझी एकही वायर निखळली नव्हती. लाल पट्टी व्यवस्थित मागे ओढलेली होती, खिट्टी शाबूत होती. आणि सुटलेल्या दोन्ही तोंडांवर दुधाच्या पिशवीचे धुतलेले तुकडे गुंडाळून, वर रबर बँड लावला होता. धूळ जाऊ नये म्हणून. ओल धरू नये म्हणून.

मी तशीच वाकून राहिले. हे कोणाचं काम आहे ते कळायला मला कोणाला विचारायची गरज नव्हती. असा काळजीपूर्वक बिघाड करणारा माणूस आमच्या घरात एकच आहे. आणि तो का केला, तेही त्याच क्षणी कळलं, कारण फोनमधून भाऊ सांगत होता, "बाबा, आज मी पूर्ण मोकळा आहे, आरामात बघू," आणि बाबा म्हणत होते, "हो हो, कोई जल्दी नाही."

मी मान वर केली. बाबा माझ्याकडेच बघत होते. त्यांना कळलं होतं की मला कळलं. ते शर्टाची वरची गुंडी लावायला लागले, जी लागलेलीच होती.

"काय दिसतंय ताई?" भाऊ म्हणाला.

खरं सांगते, माझ्या जिभेवर आलं होतं. सांगावं, तुझ्या बापाने स्वतःच्या हाताने काढलाय. सांगावं, माझं काम पक्कं होतं, आजही पक्कं आहे. एका वाक्याचं काम होतं आणि माझी बाजू धुतल्या तांदळासारखी स्वच्छ होती.

"कनेक्टर सुटलाय," मी म्हटलं.

"नवा टाकला होतास ना? लॉकवाला?"

"टाकला होता."

"मग तो सुटायला नको."

बाबांचा हात गुंडीवरच होता. मी रबर बँड काढले, पिशवीचे तुकडे मुठीत घेतले.

"नीट बसला नसेल," मी म्हटलं. "माझ्याकडूनच काहीतरी राहिलं असेल. तू सांग आता."

"अगं होतं असं," भाऊ म्हणाला. तो चांगला आहे, वाईट हेतूने बोलत नाही, म्हणूनच ते जास्त लागतं. "ताई, हे तुझ्या लॅबसारखं नसतं ना. गाडीचं वेगळं असतं. थांब, मी पहिल्यापासून सांगतो."

आणि त्याने पहिल्यापासून सांगितलं. लाल पट्टी कशी सरकवायची, खिट्टी कुठे दाबायची, 'कट्' आवाज कसा यायला हवा. मी हो हो म्हणत राहिले. वायरी ओढून दाखव म्हणाला, ओढून दाखवल्या. दाब बरा आहे म्हणाला. मग धुरावर गेला, मग कंपनीवर, मग त्याच्या मुलीच्या शाळेवर, ती आता 'आजोबा कुठे राहतात' असं विचारते म्हणाला. बाबा खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. अंकलजी बाहेर आले तेव्हा त्यांनाही फोनमध्ये दाखवून झालं. बाबांनी पोहे संपवले, माझ्या वाटचे थोडे उरले होते तेही संपवले. मी ओट्यावर बसून होते, मुठीत दुधाची पिशवी, आणि माझ्या भावाचा मला कधी नव्हे इतका हेवा वाटत होता. पूर्वी वाटायचं, तो लांब आहे म्हणून लाडका आहे. आता दिसत होतं की त्याच्या तासाभरासाठी बाबा चांगली गाडी बिघडवू शकतात, आणि परत ती खराब होऊ नये म्हणून तिला पिशवीही बांधू शकतात.

फोन संपला. बाबा खुर्ची उचलायला वाकले तशी मी म्हटलं, "बाबा, हे बरं नाही."

ते खुर्ची तशीच सोडून परत बसले.

"तो रिकामा फोन नाही करत ना," ते म्हणाले. "त्याचंही बरोबर आहे. काम असतं त्याला. मला काय विचारायचं ते त्याला समजत नाही, मलाही नाही समजत. गाडीचं असलं की बोलतो."

"आणि मी?" मी म्हटलं. आवाज चढला होता, तो मी उतरवला नाही. "मी रोज येते, बाबा. माझ्याशी तुम्ही बोलता का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं, की हा काय प्रश्न आहे.

"तू तर येतेसच," बाबा म्हणाले. "तुझ्यासाठी काही बिघडवावं नाही लागत."

ते हे कौतुकाने म्हणाले. आजवर त्यांनी माझं केलेलं ते सगळ्यात मोठं कौतुक असेल, आणि ते मला कळत होतं. मी बोनेट लावलं, हात धुतले, त्यांच्या रात्रीच्या गोळ्या डबीत काढून ठेवल्या. निघताना ते पेपरातून मान वर काढून म्हणाले, "येऊन जा उद्या."

मी येईन म्हणाले. स्कूटर सुरू केली आणि सुदामा नगरापर्यंत एकच गोष्ट मनात घोळत राहिली, की एकदा, आयुष्यात एकदाच, त्यांनी माझ्यासाठीही काहीतरी बिघडवायला हवं होतं.